किकचा एक ठोका भरीव, पुढचा पोकळ: मशीन विकण्याआधी घराचं अर्थिंग तपासा

ॲनालॉग किक मशीन (ढोलासारखा खालचा दणका विजेच्या सर्किटमधून काढणारं यंत्र) घेतलेल्या आमच्या भागातल्या तीन-चार मुलांनी या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट विचारली. ठोके सारखे येत नाहीत. नॉबला हात लावलेला नाही, पॅटर्न तोच, तरी एक ठोका छातीत बसतो आणि पुढचा पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा वाजतो. प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं होतं, "अरे, ॲनालॉग आहे, असंच असतं." मीही दोन वर्षं असंच समजत होतो आणि त्यापायी मशीन विकायला काढलं होतं. ॲनालॉगचे ठोके थोडे वेगळे येतात हे खरंच. पण ते वेगळेपण किती असतं आणि कुठून येतं हे माहीत असायला हवं, नाहीतर घरातल्या वायरिंगचा दोष आपण मशीनचा स्वभाव म्हणून सांभाळत बसतो.

माझी खोली बेळगावात वडगावला. खाली आमचे माग, वर मी. दिवसभर मागांची खडखड असल्यामुळे माइक लावून काही रेकॉर्ड करता येत नाही. हलगी-घुमकं-कैताळ बाहेरून रेकॉर्ड करून आणायचं आणि खालचा दणका किक मशीनमधून काढायचा, अशी माझी पद्धत. वर्षात दोन हंगाम असतात. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं काम चैत्रातच सुरू होतं आणि गणपतीचं काम आषाढ-श्रावणात. सलग दोन वर्षं चैत्रात किक बिघडली आणि पाऊस पडल्यावर आपोआप सुधारली. मला वाटलं उकाड्यामुळे होत असेल, पत्र्याखाली मशीन तापत असेल. तिथंच चुकलो. पाऊस पडल्यावर हवा गार होते हे मी धरलं. पाऊस पडल्यावर जमीनही भिजते हे लक्षातच घेतलं नाही.

पहिली तपासणी: काहीच न वाजवता रेकॉर्ड करा

मशीन चालू ठेवा, आवाजाचा नॉब रोजच्या जागी ठेवा, एकही ठोका मारू नका आणि तीस सेकंद रेकॉर्ड करा. या ट्रॅकवर गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) असेल तर आधी काढा. माझ्या टेम्प्लेटमध्ये किकच्या ट्रॅकवर गेट कायमचं लावलेलं होतं आणि त्यामुळेच मला दोन वर्षं पत्ता लागला नाही. दोन ठोक्यांच्या मधे गेट सगळं बंद करायचं, म्हणून शांतता स्वच्छ ऐकू यायची. ठोका आला की गेट उघडायचं आणि त्याबरोबर गूं, म्हणजे विजेची सततची घूं घूं, आत शिरायची, नेमकी किकच्या खाली, जिथे ती वेगळी ऐकूच येत नाही.

गेट काढल्यावर माझी "शांतता" उणे ३० डेसिबलवर निघाली (शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, आकडा जितका उणे तितकी शांतता). किकचं टोक उणे ६ वर होतं. म्हणजे दोघांत २४ डेसिबलचा फरक, किकच्या टोकाच्या साधारण सोळाव्या भागाएवढी गूं. टोकाला तिचा फारसा धक्का बसत नाही. पण किक म्हणजे टोक नव्हे, किकचं वजन तिच्या शेपटीत, म्हणजे ठोक्यानंतर घुमत विरणाऱ्या आवाजात असतं. ती शेपूट विरत विरत १८ डेसिबल खाली आली की उरलेला आवाज गूंच्या जेमतेम दुप्पट असतो. दोघांच्या लाटा एका दिशेला आल्या तर शेपूट दीडपट होते, उलट आल्या तर अर्धी होते. दीड आणि अर्धा यांत तिपटीचा फरक आहे. त्यावर कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन चढवलं की शेपूट वर खेचली जाते आणि हाच फरक आणखी उघडा पडतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास लाटांची. किकही तिथेच राहते, हे इथलं खरं दुखणं. रोलंडच्या टीआर-८०८ मशीनमध्ये (१९८० ते १९८३) बेस ड्रम ज्या सर्किटमधून निघतो, ते घंटेसारखं ठोका बसताच घुमून विरतं आणि तो स्वर ५० हर्ट्झच्या आसपासच असतो. त्याच घराण्यातली आजची छोटी मशीनंही तिथेच घुमतात. मी माझी किक खालच्या जी स्वराला लावतो, तो ४९ हर्ट्झ. शेजारी ५० हर्ट्झची गूं. इक्वलायझरने गूं कापायला गेलात तर किकच कापली जाईल.

१२८ ला बिघडते, १२५ ला नाही

हे मला सगळ्यात जास्त चक्रावणारं होतं, म्हणून सविस्तर सांगतो. १२५ च्या लयीतलं (मिनिटाला १२५ ठोके) गाणं नीट निघायचं. त्याच दिवशी, त्याच मशीनवर १२८ चं गाणं बिघडायचं. मशीनच खराब असेल तर ते लय बघून खराब होईल का?

हिशोब मांडा. १२५ च्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर ४८० मिलिसेकंद. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. ४८० मध्ये बरोबर २४ लाटा बसतात. म्हणजे प्रत्येक ठोका गूंच्या लाटेवर त्याच जागी पडतो. गूं असतेच, पण ती प्रत्येक ठोक्याला सारखाच त्रास देते, म्हणून कानाला ठोके सारखे वाटतात. १२० लाही तेच, तिथे २५ लाटा.

१२८ ला अंतर ४६८.७५ मिलिसेकंद. त्यात २३ पूर्ण लाटा बसतात आणि वर जवळजवळ अर्धी लाट उरते, नेमकं सांगायचं तर सोळापैकी सात भाग. मग पहिला ठोका लाटेच्या चढावर पडला तर दुसरा जवळपास उतारावर पडतो. एक भरीव, एक पोकळ, एक भरीव, एक पोकळ. आठ ठोके झाले की हा क्रम उलटतो आणि आधी जो पोकळ होता तो भरीव होतो. मी स्क्रीनवर सोळा ठोके एकाखाली एक मांडून शेपट्या मोठ्या करून बघितल्या, तेव्हा हा क्रम डोळ्यांना दिसला. अगदी पाढ्यासारखा नव्हे, कारण ग्रिडची वीज ४९.९० ते ५०.०५ अशी थोडी मागेपुढे होत असते. त्यामुळे १२५ च्या गाण्यातही ठोके फार सावकाश, काही सेकंदांत, फुगतात आणि ओसरतात. तेवढं हलगीच्या कडकडाटात कळत नाही.

म्हणून तुमच्यासाठी सोपी कसोटी: एकच पॅटर्न १२५ वर आणि १२८ वर रेकॉर्ड करा. १२८ वर एकाआड एक ठोका बदलत असेल तर मशीनला हात लावू नका, वीज तपासा. दोन्हीकडे ठोके वाटेल तसे, कसलाही क्रम न धरता बदलत असतील, तर कारण वेगळं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

गूं कुठून येते हे शोधायची पद्धत

माझं छोटं मशीन सहा पेन्सिल सेलवर चालतं. ही फार मोठी सोय आहे. मशीन सेलवर, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर, आणि मशीनची वायर थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा). मधे मिक्सर नाही, बाकी कुठलीही वायर इंटरफेसला नाही. पुन्हा तीस सेकंद शांतता रेकॉर्ड केली. गूं गेली होती. म्हणजे मशीन निर्दोष. मग एकेक गोष्ट परत जोडत गेलो आणि प्रत्येक वेळी तीस सेकंद रेकॉर्ड केलं. लॅपटॉपला चार्जर लावला, थोडी बारीक किरकिर आली. मशीनला अडॅप्टर लावला, विशेष फरक नाही. मिक्सर मधे घातला आणि गूं धाडकन परत आली. मशीन सेलवर असतानासुद्धा.

घाई करून दोन गोष्टी एकदम जोडू नका. एका वेळी एकच, नाहीतर उत्तर हाती लागत नाही.

आवाजाचा आलेख बघता येत असेल तर आणखी एक खूण मिळते. ५० वर मोठा खांब आणि पुढे १५०, २५० वर छोटे दिसले तर बहुतेक वेळा दोन अर्थिंगमधला फेरा (ऑडिओ वायरमधून दोन अर्थिंग जोडली जाऊन बनलेलं वर्तुळ) असतो, नाहीतर वायर एखाद्या ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली असते. १०० आणि २०० वर खांब असतील तर अडॅप्टरवर किंवा एखाद्या उपकरणाच्या पॉवर सप्लायवर संशय घ्या.

माझ्या खोलीत दोन बोर्ड आहेत. एक घराच्या लाइनवरचा, त्यावर लॅपटॉप आणि इंटरफेस. दुसरा मागांच्या लाइनवरून वर आणलेला, त्यावर मिक्सर आणि स्पीकर. घराचं अर्थिंग परड्यातल्या एका रॉडला, मागांचं शेडच्या मागच्या रॉडला. दोन रॉड, दोन वेगळ्या जागी. मागांच्या मोटरी, पंप, फ्रिज, चार्जर, सगळ्यांतून थोडी थोडी गळती अर्थमध्ये जातच असते. रॉड ओल्या मातीत असेल तर ती निमूट जिरते. पण वडगाव-शहापूरचं शिवार काळ्या मातीचं. पावसाळ्यात जी माती चिकटून सोडत नाही, तीच चैत्रात बोट जाईल एवढी भेगाळते आणि रॉडपासून अंग सोडते. रोध वाढतो. तेवढीच गळती, पण आता दोन रॉडांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. तो फरक भरून काढायला विजेला सगळ्यात सोपी वाट मिळते ती मिक्सर आणि इंटरफेस जोडणाऱ्या ऑडिओ वायरवरच्या बाहेरच्या तारेच्या जाळीची. आपली किक त्याच वायरमधून जाते.

म्हणून चैत्रात रोग, आषाढात बरा. रात्री माग बंद झाले की गूं कमी व्हायची पण जायची नाही, त्याचंही कारण हेच.

वायरमन मामांना बोलावलं. त्यांना किक, हर्ट्झ काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, "मामा, मिक्सरला हात लावला की मुंग्या येतात." त्यांनी दोन्ही बोर्डांच्या अर्थच्या पिना मीटरला लावल्या. काटा ४ व्होल्टच्या पुढे गेला. मामा म्हणाले, "मशीन बिघडलंय म्हणून कशाला रडालास? तुझ्या घरात अर्थ दोन हाईत, आणि दोन्ही वाळून गेल्यात."

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

त्याच संध्याकाळी एक पैसा न घालता जे केलं ते सगळ्यात गुणाचं ठरलं. लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर, स्पीकर, सगळं एकाच बोर्डवर, एकाच चांगल्या एक्स्टेंशनवर आणलं. ही सगळी मिळून वीज फार खात नाहीत, एका सॉकेटला सहज पेलतात. एवढ्यानेच शांतता उणे ३० वरून उणे ५८ वर गेली.

मग मामांनी दोन्ही रॉड जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडले, गंजलेले बोल्ट बदलले, खड्डा उकरून कोळसा-मीठ भरलं आणि पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी उणे ७० च्या खाली. हे काम वायरमनचंच. खड्ड्यात पाणी तुम्ही घाला, बाकी कशाला हात लावू नका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गूं घालवायला प्लगची तिसरी पिन मोडू नका. आमच्याकडे साऊंडवाली मुलं सर्रास करतात, आणि गूं जाते सुद्धा, म्हणून हा सल्ला पसरतो. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. मिक्सरच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर त्या पिनेतून करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. मिरवणुकीत, पावसात, लोखंडी ट्रॉलीवर उभं राहून हा धोका कोणी घेऊ नये.

भाड्याच्या घरात अर्थिंग सुधारणं हातात नसतं. तिथे ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ऑडिओ सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून पार करणारा छोटा डबा) घालून अर्थ तोडता येतो. पिन तोडणं आणि हे तोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण इथे फक्त ऑडिओ वायरची जाळी सुटते, उपकरणांचं अर्थिंग शाबूत राहतं. पण किकसाठी दोन-तीनशे रुपयांचा हिरवा-काळा आयसोलेटर घेऊ नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर नखाएवढा असतो. ५० हर्ट्झचा जोरदार ठोका त्याला पेलत नाही, ठोका आत चेपून फाटतो आणि मग तुम्ही म्हणाल की मशीनचा आवाजच बारीक आहे. घ्यायचाच तर मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा घ्या, आणि घेण्याआधी स्वतःची किक त्यातून वाजवून बघा.

एकाच अडॅप्टरवर तीन छोटी मशीनं साखळी करून चालवू नका. ती मशीनं अडॅप्टरमधूनही जोडलेली राहतात आणि ऑडिओ वायरमधूनही, म्हणजे फेरा तुम्हीच तयार करता.

गूं नाही, तरी ठोके वेगळे

शांतता स्वच्छ निघाली आणि तरी ठोके हलत असतील तर मी या क्रमाने बघतो.

किकवर वरून तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) लावलंय का? बहुतेक जण लावतात, वरची टकटक सॅम्पलची आणि खालचं अंग मशीनचं. सॅम्पलमध्येही खालचा आवाज असेल तर दोन लाटा एकमेकींना भिडतात. ५० हर्ट्झची लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे १० मिलिसेकंदांची चूक झाली की एक लाट वर जाताना दुसरी खाली जाते आणि किक गायब. आणि ४८ किलोहर्ट्झवर ५१२ चा बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यात घेतो तो) म्हणजे १०.६७ मिलिसेकंद! प्रोग्रामने तेवढा उशीर स्वतः भरून काढला नसेल तर बरोबर नको त्या जागी येऊन पडता. मशीनचा आवाज आधी रेकॉर्ड करून घ्या, मोठं करून बघा, हाताने सरकवून पहिला चढ जुळवा. मग पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, ज्यात अंग जास्त भरतं ती ठेवा. मी तर आता सॅम्पलचा १५० च्या खालचा भाग कापूनच टाकतो, एका किकला एकच पोट पुरे.

सगळे ठोके सारखेच पण सगळेच पोकळ असतील तर वायर बघा. छोट्या मशीनला साडेतीन मिलिमीटरचा स्टिरिओ जॅक असतो. तिथून स्टिरिओ वायरने इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेलात तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. किक मोनो असते, म्हणून जवळजवळ सगळीच जाते आणि उरतो तो वरचा किडकिडीत आवाज. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली वायर घ्या, त्यातला एकच लावा.

किकचा स्वरच हळूहळू सरकत असेल तर तापमान. ८०८ सारख्या घुमणाऱ्या सर्किटमध्ये हे फार कमी असतं. ज्या मशीनमध्ये वेगळा ऑसिलेटर (सतत लाट काढणारा भाग) आहे आणि त्याचा स्वर व्होल्टेजने वाकवला जातो, तिथे जास्त. हलगीवाला वाजवण्याआधी कातडं शेकून घेतो, तसं मशीन अर्धा तास चालू ठेवा आणि मगच स्वर लावा. पत्र्याच्या खोलीत दुपारी लावलेला स्वर रात्री पुन्हा तपासा. सेलवर चालवत असाल तर सेल नवे असू द्यात. चार्जिंगचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट देतात, साधे नवे ९, आणि काही मशीनांना तो फरक जाणवतो.

अशा ऑसिलेटरच्या काही मशीनांत लाट प्रत्येक ठोक्याला शून्यापासून सुरू होत नाही, ती चालूच असते आणि ठोका तिला जिथे असेल तिथे पकडतो. इथे ठोके खरोखर वेगळे येतात आणि हा मात्र मशीनचा स्वभाव. मी वीस-पंचवीस ठोके रेकॉर्ड करतो, चांगले चार निवडतो आणि आलटून पालटून लावतो. एकच ठोका शंभर वेळा चिकटवला की माणूस वाजवत नाहीये हे हलगीशेजारी लगेच कळतं.

घरी सगळं नीट आणि मिरवणुकीत किक नाही, असं असेल तर स्वर बघा. खालच्या ई ला, म्हणजे ४१ हर्ट्झला लावलेली किक हेडफोनवर गोड लागते. पण ट्रॉलीवरच्या बॉक्सना पडदा फाटू नये म्हणून साऊंडवाले बहुधा ३५-४० च्या खाली कापतात, आणि त्या कापाची उतरण ४१ पर्यंत पोचते. उघड्यावर वाजवायची किक मी ५० ते ६० मध्ये ठेवतो. चौकात तीच पोचते.

खानापूरच्या एका मित्राकडे जांभ्या दगडावर घर आहे. तिथे रॉड खोल जातच नाही आणि गूं बारा महिने असते. त्याच्याकडे सगळं एका बोर्डवर आणून आणि डीआय बॉक्स घालूनच काम झालं. निपाणीच्या एका मुलाकडचा दोष तर नुसत्या अडॅप्टरच्या साखळीत निघाला, पाच मिनिटांत सुटला.

माझ्याकडे आता होळी झाली की दर आठवड्याला दोन्ही खड्ड्यांत दोन-दोन घागरी पाणी जातं, आईने ते तुळशीच्या पाण्याबरोबर लावून घेतलंय. आणि दर पंधरवड्याला तीस सेकंदांची शांतता मी तारीख घालून ठेवतो. या वैशाखात ती उणे ६८ च्या वर आली नाही.